मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील जन्मजात प्रतिकारपेशी : एक चिकित्सा

प्रास्ताविक : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयीच्या लेखनात जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींची विभागणी बहुधा ठाशीवपणे केली जाते. नैसर्गिक मारक पेशी रुग्णाच्या रक्षक, तर गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज अर्थात महाभक्षी पेशी कर्करोगाच्या साहाय्यक मानल्या जातात. रुग्णांवरील पुरावा या विभागणीस कितपत आधार देतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नैसर्गिक मारक पेशी : सेटक्सिमॅब व पॅनिट्युमुमॅब ही प्रतिपिंड-औषधे कर्करोगपेशीवरील ईजीएफआर या एकाच ग्राहीस बांधली जातात. अमेरिकेत त्यांना या रोगासाठी अनुक्रमे २००४ व २००६ मध्ये मान्यता मिळाली. आयजीजी-१ वर्गातील सेटक्सिमॅब मारक पेशींना हल्ल्यास प्रवृत्त करते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. आयजीजी-२ वर्गातील पॅनिट्युमुमॅबमध्ये ही क्षमता अत्यल्प आहे. मारक पेशींचा वाटा निर्णायक असता, तर सेटक्सिमॅब घेणारे रुग्ण अधिक काळ जगावयास हवे होते. तथापि सुमारे १,००० रुग्णांवरील ‘अ‍ॅस्पेक्ट’ चाचणीत (२०१४) जीवितकालाचा मध्यक पॅनिट्युमुमॅब गटात १०.४ महिने, तर सेटक्सिमॅब गटात १०.० महिने आढळला. यावरून मारक पेशी निरुपयोगी ठरत नाहीत. कारण हे रुग्ण आधीच्या केमोथेरपीस दाद न देणारे होते. शिवाय आयजीजी-२ प्रतिपिंड न्यूट्रोफिलसारख्या अन्य पेशींना कार्यप्रवृत्त करू शकते. मात्र प्रयोगशाळेत दिसलेली यंत्रणा म्हणजे उपचारातील लाभ नव्हे, एवढे निश्चित.

महाभक्षी पेशी : स्तनाच्या कर्करोगात या पेशींची दाटी सामान्यतः प्रतिकूल लक्षण समजली जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र गाठीच्या पसरत्या कडेवर त्या दाट असल्यास रुग्णाचे भवितव्य तुलनेने चांगले असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दाहवर्धक ‘एम-१’ व दाहशामक ‘एम-२’ ही विभागणी मुख्यतः संवर्धित पेशींवरील निरीक्षणांतून रूढ झाली. गाठीतील पेशी या दोन कप्प्यांत काटेकोरपणे बसत नाहीत.

निष्कर्ष : हा वाद केवळ परिभाषेचा नाही. महाभक्षी पेशींना सरसकट शत्रू ठरवून त्यांचा नायनाट करणारा उपचार रुग्णाचे संरक्षण करणाऱ्या पेशीही नष्ट करू शकेल. म्हणून पेशीचे नाव सांगून भागत नाही; तिचे गाठीतील स्थान, अवस्था आणि रुग्णाच्या आयुष्यावरील परिणाम ही तिन्ही प्रमाणे एकत्र मिळाल्यावरच तिची भूमिका निश्चित करणे शास्त्रीय ठरेल.