येलालंय

खो-खोचा गडी कसा पारखावा, यावर मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तीन शब्दांचं आहे : "त्येचं बसनं बघा." हे वाक्य बोलणारा माणूस प्रशिक्षक नव्हता, पंच नव्हता. धर्माबादच्या मोंढ्यात पोती उचलणारा हमाल होता, आणि तीसेक वर्षांपूर्वी शाळेच्या संघातून खेळला होता.

जुलै २०२२ची गोष्ट. मिरचीचा हंगाम सरला होता, सोयाबीन यायला अवकाश होता. मोंढा ओस, हवेत मात्र मिरचीची झणझण तशीच, कारण ती इथं बाराही महिने भिंतींत मुरलेली असते. बाहेर पाऊस, आत मावशींच्या हॉटेलात चार माणसं आणि मी. अल्टिमेट खो-खो या नव्या लीगसाठी पुण्यात खेळाडूंची निवड झाली होती आणि कोणत्या संघानं कुणाला उचलायला हवं होतं, यावर वाद पेटला होता. एक अडत दुकानाचे मुनीमजी, एक निवृत्त क्रीडाशिक्षक म्हणजे सर, एक शिंपी म्हणजे मास्टर, आणि तो हमाल. त्या दुपारची बोलणी अजून माझ्या कानात आहेत. एखाद्या बंदिशीचे बोल उलगडावेत तशी ती उलगडून पाहावीत, असं बरेच दिवस मनात होतं.

मैफलीची सुरुवात मुनीमजींच्या निराशेनं झाली. या निवडीत बोलीच नव्हती. खेळाडूंचे गट पाडलेले, गटाचा भाव ठरलेला : अ गटाला ५ लाख, ब गटाला ३, क गटाला दीड आणि ड गटाला १ लाख. सहा संघांनी आपापल्या पाळीनं नावं घ्यायची. "बोली न्हाई, सौदा न्हाई, मग ह्येच्यात राहिलं काय?" हा ज्याच्या आयुष्याचा श्वासच बोलीवर चालतो अशा माणसाचा प्रश्न होता. त्यांना कबड्डीचा लिलाव प्रिय. कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुम्बाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले, हा हिशेब मुनीमजी मिरचीच्या तेजीसारखा सांगत. पण त्यांच्या रसिकतेची मर्यादाही इथंच होती. भाव कळला की गडी कळला, असं त्यांना वाटे. लिलावात पैसा बोलतो, त्यामुळे माणसाला गप्प बसता येतं. भाव आधीच ठरलेला असला की माणसाला बोलावंच लागतं. हा का आणि तो का नाही, ते शब्दांत सांगावं लागतं. त्या दुपारचं बोलणं रंगलं ते बोली नव्हती म्हणून.

सरांनी मग ऑस्ट्रेलियाचं उदाहरण काढलं. तिथल्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये १९८६पासून अशीच पाळीनं निवड होते, आणि जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली. म्हणजे हरलेल्या गावातले लोक हरल्याचं दुःख आवरून आधी पोरांची नावं घोकायला लागतात. बापानं एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा खास हक्क, असाही तिथं नियम आहे. मुनीमजींना पहिला नियम पटला नाही. "हरलेल्याला पैलं ताट? आमच्याकडं तर उष्टंबी मिळत न्हाई." दुसरा मात्र लगेच पटला. घराणं म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेवढ्यात हमालानं ते वाक्य टाकलं. सर एका मुलाच्या वेगाबद्दल बोलत होते. त्यांना मध्येच तोडून तो म्हणाला, "पळनं कामून बघलालाव सर? त्येचं बसनं बघा."

या वाक्याची पहिली गंमत अशी, की खो-खो हा पळण्याचा खेळ आहे असं अवघं जग समजतं. प्रत्यक्षात पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊपैकी आठ गडी कोणत्याही क्षणी बसलेले असतात. एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून. खो मागून येतो, पाठीवर. तो येईपर्यंत उठायचं नाही, आणि आला की क्षणाचाही उशीर चालत नाही. म्हणजे ज्याची वाट पाहायची ते दिसतच नाही. म्हणून हमाल सांगत होता, की गडी चवड्यावर आहे की टाचेवर ते बघा. हाताची बोटं मातीला टेकलीत, की गुडघ्यावर आरामात ठेवलीत? नजर समोरच्या पळणाऱ्यावर आहे ना, आणि कान? "कान पाठीला पायजे," तो म्हणाला आणि बाकड्यावरून उतरून तिथंच बसून दाखवलं. पन्नाशीकडे झुकलेला, खांद्याला पोत्यांनी घट्टे पडलेला माणूस; पण बसला आणि त्याच्या पाठीचा कणा बदलला. फरशीवर चहाचे ओघळ होते, त्यात त्याची बोटं टेकली होती. मावशी सहज त्याच्या मागून गेल्या तर तो दचकल्यासारखा अर्धा उठला. सगळे हसले. मला मात्र त्या अर्ध्या उठण्यातच सगळं वाक्य दिसलं.

दुसरी गंमत शब्दाची. मराठीत 'बसणं' हे फार सोशिक क्रियापद आहे. हात बसतो, जम बसतो, तसा गळाही बसतो आणि धंदाही बसतो. "पोरगं घरीच बसलंय" हे वाक्य तर आमच्याकडे दर तिसऱ्या दारात ऐकू येतं. त्या बसण्याची लाज असते. हमालानं तोच शब्द उचलला आणि मैदानात नेऊन त्याला मान दिला. बसलेला म्हणजे रिकामा नव्हे, उठायच्या तयारीतला. हे त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. भाषेनं त्याच्याकडून करून घेतलं.

सर मागं हटणारे नव्हते. त्यांचं वाक्य यमकात आलं : "पळतंय समदंच, वळतंय कोण?" शिक्षकी पेशातलं वाक्य आहे, घासून गुळगुळीत झालेलं. दरवर्षी नव्या तुकडीपुढं म्हटलेलं असणार. पण त्यात अनुभवाचा अर्क आहे. खुंटाजवळ पळणाऱ्याची खरी परीक्षा होते. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की तो खुंटाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरू शकत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून आरपार जाऊ शकत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं. एकाला नियमांचा काच, दुसऱ्याला जिवाची भीती, यातून खो-खोचं सौंदर्य तयार होतं. चांगला पळणारा वेगात हरवत नाही, वळणात हरवतो. खांदा डावीकडं झुकतो, कंबर उजवीकडं जाते आणि पाठलागाचा हात वाऱ्याला लागतो. सर म्हणत होते, की वेग वयाबरोबर येतो आणि जातो, पण कंबरेतलं वळण चौदाव्या वर्षी दिसलं नाही तर पुढं दिसत नाही. हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. ते म्हणताना सरांनी टेबलावरची बशी हलकेच फिरवली, हे मात्र लक्षात राहिलं.

मास्टर इतका वेळ गप्प होते. घरात तेलुगू, गिऱ्हाइकांशी मराठी, अशी त्यांची जीभ. त्यांनी विचारलं, "वजीर कोन हाय?" या लीगनं खो-खोत एक नवा गडी आणला होता. त्याचं नाव वजीर आणि त्याला पाठलाग करताना कोणत्याही दिशेला वळायची मुभा. सरांना हा नियम म्हणजे पाप वाटे. ज्या बंधनातून खेळाची नजाकत आली तेच बंधन एकाला माफ! मास्टरांचा दृष्टिकोन कापड बेतणाऱ्याचा. कापड सरळ कापलं जातं, पण एखादा तुकडा तिरपा कापावा लागतोच, त्याशिवाय अंगरखा अंगावर बसत नाही. "समदे शिपाई घेतल्यावर शिलाई उसवती," ते म्हणाले. बुद्धिबळातला वजीर आणि शिवणकामातला तिरपा काप एका वाक्यात आणणारा हा माणूस कधी खो-खो खेळला नव्हता. पारख करायला खेळलेलंच असावं लागतं, हा आपला समज त्या वाक्यानं मोडला.

एवढ्यात मावशी कप उचलायला आल्या. "आन् पोरींची न्हाई का निवड?" त्यांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. या लीगमध्ये तेव्हा फक्त पुरुषांचे संघ होते. पण हे उत्तरही कुणी दिलं नाही. रसग्रहणात शब्दांइतकंच शांततेकडं लक्ष द्यावं लागतं. ही शांतता माहितीअभावी नव्हती. आपल्याच मराठवाड्यातल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता, हे सरांना पाठ होतं. चौघांनी तासभर भविष्य पाहिलं, पण त्या भविष्यात मुलगी नव्हती, आणि हे त्या क्षणी चौघांच्याही ध्यानात आलं. पुढं जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. दोन्ही संघ जिंकले. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर अडीच वर्षांनी आलं.

या बोलण्यात दोष नव्हते असं नाही. अतिशयोक्ती तर होतीच. पुण्या-सोलापूरच्या पोरांना सगळी कौतुकं आणि नांदेड-लातूरकडं कुणी बघत नाही, ही तक्रार दर दहा मिनिटांनी येत होती, गाण्यातल्या ध्रुपदासारखी. पण या सीमेवरच्या गावाचा एक गुणही त्यात होता. संघ कोणता आपला म्हणायचा, यावर इथं एकमत होणं शक्यच नव्हतं. मुंबई खिलाडीज आपले, की तेलुगू योद्धाज? सीमेपलीकडं बासर, अलीकडं आपण. तालुक्यातल्याच बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, आणि २०१३च्या निकालापासून १ जुलैला दरवाजे उघडून पाणी खाली सोडायचं ठरलं. माणसांना असे दरवाजे नसतात. तेलुगू योद्धाजचा कर्णधार झाला तो पुण्याचा प्रतीक वाईकर. वेळापूरचा रामजी कश्यप गेला चेन्नईकडं. २०२२च्या ४ सप्टेंबरला बालेवाडीत अंतिम सामना झाला तो ओडिशा आणि तेलुगू यांच्यात. सूरज लांडेनं शेवटच्या क्षणांत सूर मारून ३ गुण मिळवले आणि ओडिशा ४६-४५नं जिंकलं. एका गुणाची हार मास्टरांना लागली, आणि मुनीमजींनाही लागली. मुंबईचा पक्ष घेतलेले मुनीमजी का हळहळले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप, तो शब्द. पाऊस उघडला, सगळे उठले, तेव्हा हमाल जाता जाता म्हणाला, की आमच्या भागातल्या एका शाळेत नववीतलं एक लेकरू आहे. कोणत्याच यादीत नाही. सरांनी विचारलं, कसं आहे? त्यानं ना वेग सांगितला, ना वळण, ना बसणं. एवढंच म्हणाला, "येलालंय."

पुण्या-मुंबईच्या माणसाला या क्रियापदाचं वळण समजावून सांगावं लागतं. नांदेड-लातूरकडचं 'येलालंय' म्हणजे 'येत आहे'. पण आम्ही ते निघालेल्यासाठीही वापरतो, निघायच्या बेतात असलेल्यासाठीही. मनमाडहून येणारी मराठवाडा एक्सप्रेस धर्माबादलाच संपते. ती उमरीला असो की अजून नांदेडलाच उभी असो, फलाटावरचा माणूस "येलालीय" असंच सांगतो. पिकाला शेंग धरायच्या आधी, रान नुसतं हिरवं असताना, शेतकरीही हेच म्हणतो. म्हणजे या रूपात आज आणि उद्या यांची शिवण दिसत नाही. प्रमाण मराठीतलं 'होतकरू' हे प्रमाणपत्रासारखं वाटतं, 'उदयोन्मुख' तर वर्तमानपत्राच्या मथळ्यातून खाली उतरतच नाही. 'येलालंय' या शब्दात चालण्याचा आवाज आहे. तो पोराला काही बहाल करत नाही, त्याच्यावर ओझंही टाकत नाही. फक्त वाटेवर नजर ठेवतो. गड्याच्या पाठीला कान लागतात म्हणणारा माणूस, पाठीमागून येणाऱ्या पोराबद्दल याहून नेमकं काय बोलणार?

मास्टरांनी छत्री उघडता उघडता तोच शब्द आपल्या भाषेत घोळवला : "वस्ताडु." तेलुगूत त्याचा अर्थ 'येईल' असाही होतो आणि 'येत असतो' असाही. मुनीमजींचे कान जरा जड. त्यांना ऐकू आलं 'वस्ताद'.

"आत्ताच कुठला वस्ताद?" ते म्हणाले. "आजून नववीत हाय."