पाणथळ जागांचे नियम आणि काठावरची चाके

पाणथळ जागांविषयीचे आपल्या देशातले नियम 26 सप्टेंबर 2017 रोजी निघाले. 'पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017' हे त्यांचे नाव. पर्यावरणाचा धडा शिकवताना वर्गात त्यांचा उल्लेख होतो, पण ते मुळातून फारसे वाचले जात नाहीत. शिक्षकांनी ते वाचावेत आणि वाचताना महाड-पोलादपूरचा नकाशा शेजारी ठेवावा, असे आम्हांला वाटते.

व्याख्येची सुरुवात उदार आहे. दलदल असो वा उथळ पाणी, नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमचे असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे, मचूळ किंवा खारे, सारे पाणथळ जागेत येते. समुद्राचे पाणीसुद्धा, ओहोटीला ते 6 मीटरपेक्षा खोल नसेल तर. ही शब्दरचना 1971 साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारातून आली आहे. पण आपल्या नियमांत तिला पुढे एक शेपूट जोडले आहे. नदीचे पात्र वगळा, भातखाचरे वगळा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळा, सिंचन, मत्स्यशेती, मिठागरे आणि करमणूक यांसाठी केलेली बांधकामेही वगळा!

आता नकाशा पाहू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. वाटेत काळ आणि गांधारी या नद्या तिला येऊन मिळतात. ही नदीची पात्रे, म्हणजे वगळलेली. दोन्ही तालुक्यांत पावसाळाभर पाण्याखाली असते ती खाचरांची जमीन, तीही वगळलेली. गावोगावचे लहान तलाव शेतीसाठी किंवा पिण्यासाठी बांधलेले, तेही गेले. महाडच्या खाली भरतीचे पाणी चढते तेवढ्या भागाला किनारपट्टी नियमन क्षेत्राचा वेगळा कायदा लागू होतो, पण तोही पाण्याचा खारेपणा हजारात 5 भाग असेल तिथपर्यंतच. त्याच्या वरच्या काठांना या दोन्हींपैकी कशाचाच आधार उरत नाही. खाचरे वगळण्यामागचे कारण समजते. ती धरली असती तर शेतकऱ्याला बांध घालण्यासाठीही परवानगी मागावी लागली असती. पण नदीचे पात्र का वगळावे, हे नियम वाचून आम्हांला उमगले नाही.

दुसरी उणीव याहून साधी आहे. नियमांनी ज्या गोष्टींना मनाई केली त्यांत अतिक्रमण, कारखाने, कचरा टाकणे, सांडपाणी सोडणे, शिकार ही कामे आहेत. गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करण्यासही मनाई आहे. वाहनाचा मात्र कोठेही उल्लेख नाही. 2010 च्या जुन्या नियमांत निदान यांत्रिक होडीचा विचार होता. मोटार म्हणजे बांधकाम नव्हे, कचराही नव्हे. त्यामुळे अधिसूचित पाणथळ जागेच्या काठावरसुद्धा ती पाण्याला टेकेपर्यंत नेली, तर या यादीतले कोणते कलम मोडले ते सांगता येत नाही.

चाकाने असे काय बिघडते? वर्गात याचे उत्तर बहुधा दाबाच्या सूत्राने दिले जाते, आणि ते अपुरे आहे. 1200 किलोची मोटार घ्या. तिच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलो दाबाची हवा असते. जमिनीवरचा दाबही साधारण तेवढाच. आता 450 किलोची म्हैस घ्या. एका खुराचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर धरले आणि चालताना दोनच पाय टेकलेले असतात असे मानले, तर दाब सव्वादोन किलो येतो. म्हणजे सूत्रानुसार म्हैसच जास्त दोषी! पिढ्यान्पिढ्या म्हशी तलावात डुंबत आल्या आणि काठ शाबूत राहिले, हे कोणीही मुलगा उठून विचारील.

फरक तीन ठिकाणी आहे. वरच्या थरावरचा ताण दाबावर ठरतो, पण तो किती खोल पोचेल हे एकूण वजनावर आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर ठरते. म्हणून 25 टनांचा भरलेला डंपर खालची माती अशी दाबतो की ती नांगरालाही सहज लागत नाही. दुसरे, खुराचे ठसे सुटे असतात, तर चाकाची चाकोरी सलग असते. महाडला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतारावरची सलग चाकोरी म्हणजे त्या पावसाला आयता खोदून दिलेला ओहोळच. तिसरे, ओल्या मातीत चाक जागच्या जागी फिरते, आणि लव्हाळ्याची मुळे व मुठ्यांची बिळे खरवडून काढते. माती ओली असताना सर्वांत जास्त दबते, हेही लक्षात घ्यावे. कोकणची तांबडी माती काळ्या मातीसारखी फुगत-आकसत नाही, त्यामुळे दबलेला थर आपोआप मोकळा होण्याची आशा कमीच.

काठावरच्या जीवांचे वेळापत्रकही पाहिले पाहिजे. टिटवी उघड्या जमिनीवर खळगा करून बहुधा चार अंडी घालते. माणूस आला तर ती आरडाओरडा करून त्याला भलतीकडे नेते, पण मोटारीतल्या माणसाला तो आवाज ऐकूही जात नाही. सावित्रीत मगरी आहेत. त्यांची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावर खड्डा खणून अंडी घालते, आणि पिले बाहेर यायला दोनेक महिने लागतात. नदीत यंत्रे उतरवायला सोयीचा काळही नेमका हाच.

येथे प्रश्न अवघड होतो. 22 जुलै 2021 च्या पुराने महाड बुडाले. त्यानंतर सावित्रीतला गाळ काढण्याची मागणी जोरात पुढे आली आणि पोकलेन-डंपर पात्रात उतरले. ज्या मुलाचे घर त्या पुरात बुडाले, त्याच्यापुढे 'नदीकाठी वाहन नको' असे म्हणणे आम्हांला शोभणार नाही. आमचा आक्षेप अनिर्बंध प्रवेशाला आहे. यंत्रांना एकच ठरलेला उतार द्यावा, त्या पट्ट्यात आधी पायी फिरून घरटी व मगरींचे खड्डे पाहावेत, काम संपल्यावर उतार मोडून टाकावा. एरवी होते असे की मोठ्या यंत्राने पाडलेल्या वाटेने मागाहून वाळूची गाडी येते, मग मोटार धुणारे येतात, मग सहली. चाकोऱ्यांतून वाहणारा गाळ सह्याद्रीच्या उतारांवरून येणाऱ्या गाळाच्या मानाने थोडाच, हे खरे. पण तो आपण स्वतः पाडलेल्या वाटेने आणलेला असतो.

आणखी एक गोष्ट. महाडात पाण्याजवळ जाण्यास 'बंदी' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले ते अशाच बंदीविरुद्ध, आणि त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकालात निघायला 1937 साल उजाडले. म्हणून काठ वाचवण्याच्या नावाने माणसांना अडवणारे कुंपण आम्हांला मान्य नाही. अडवायचे ते चाक. कास पठारावर गाड्या दूर उभ्या करवून लोकांना पुढे नेण्याची व्यवस्था झाली, ती या दृष्टीने अभ्यासावी.

शाळेला करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा तलावाच्या काठी चाकोरीत 5 सेंटिमीटर ठोकावा, त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. मग तोच प्रयोग हातभर अंतरावर, चाक न गेलेल्या जागी करावा, पण उतार आणि पाण्यापासूनचे अंतर तेच ठेवून. निदान पाच-पाच ठिकाणी मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. हे काम गावतलावावरच करावे, सावित्रीकाठी मुलांना नेऊ नये, मगरी आहेत.

आकडे हाती आले की ते ग्रामपंचायतीपुढे ठेवता येतील. तलावाच्या रस्त्याकडील बाजूला सव्वा-सव्वा मीटर अंतरावर मोठे दगड रोवले, तर म्हैस जाते, धुणे घेतलेली बाई जाते, मोटार अडते. बैलगाडीही अडेल, तेव्हा तिच्यासाठी एक साखळीची वाट ठेवावी आणि किल्ली तलावाशेजारच्या शेतकऱ्याकडे असावी. मोटरसायकल मात्र या दगडांतून सुटते. तिला अडवील असे काही, जे म्हशीला अडवणार नाही, ते आम्हांला अजून सुचलेले नाही.