अबजद, आरामी आणि ब्राह्मी : एका व्युत्पत्तीची छाननी

रेणापूर, औसा, उदगीर या टापूंतील जुन्या वतनदारांच्या दप्तरांत मोडी व फारसी कागद एकाच रुमालांत बांधलेले आढळतात. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि तेथील दरबारी भाषा १८८४ पर्यंत फारसी होती, तेव्हां यांत नवल नाहीं. मात्र या दोन लिप्यांच्या उगमाविषयीं एक सोपें विधान वारंवार कानीं येतें : फारसी अक्षर आरामीपासून निघालें, मोडी ब्राह्मीच्या वंशांतली, आणि ब्राह्मीही मूळ आरामीच, म्हणून रुमालांतील दोन्ही कागद एकाच आजीचीं नातवंडें. हेमाडपंतांनीं मोडी लंकेहून आणल्याच्या दंतकथेपेक्षां हें विधान पुष्कळच विद्वत्तेचें दिसतें. परंतु त्याचा पहिला भाग सिद्ध आहे व शेवटचा नाहीं. दोन्ही एका दमांत सांगण्यानें पुराव्याची कसोटीच ढिली होते.

आरामी ही मूळ सिरियांतील लोकांची भाषा. तिनें अक्षरें फिनिशियनांकडून घेतलीं. तीं संख्येनें २२, सर्व व्यंजनांचीं, उजवीकडून डावीकडे लिहिलीं जाणारीं. वाव, योद अशा दोन-तीन अक्षरांवर दीर्घ स्वर सुचविण्याचें जादा काम सोंपविलेलें असे, एवढीच स्वरांची सोय. आरामी राज्यें असीरियनांनीं बुडविलीं, तरी भाषा बुडाली नाहीं; कारण ती तोंवर जेत्यांच्याच कारकुनांच्या हातीं गेली होती. पुढें इराणच्या हखामनी सम्राटांनीं तिलाच राजकारभाराची भाषा केलें. नाईल नदींतील एलेफंटाईन बेटावर ख्रि. पू. पांचव्या शतकांतील आरामी कागदपत्रें सांपडलीं आहेत. कर्जरोखे, विवाहपत्रें, अर्ज, तक्रारी : आमच्या दप्तरांना परकीं वाटूं नयेत अशींच तीं आहेत. तें साम्राज्य सिकंदरानें मोडल्यावर प्रांतोप्रांतीं अक्षराचें वळण बदललें आणि त्यांतून हिब्रूची चौकोनी लिपी, सिरियाक, पहलवी, नबाती अशा शाखा फुटल्या.

यांपैकीं पहलवी आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेली आहे. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ मध्यें आलेल्या पारशी यात्रेकरूंनीं आपले लेख या लिपींत कोरून ठेविले. पहलवीची एक खोड अशी कीं, कित्येक शब्द आरामींत लिहावयाचे आणि वाचतांना इराणी उच्चारावयाचे. लिहिणार 'मल्का', वाचणार 'शाह'. आपल्या मराठी पत्रांच्या शेवटीं येणारें 'मोर्तब सूद' हेंही कारकुनी परंपरेनें टिकलेलें परभाषेचें वाक्य होय, पण तें जसें लिहितात तसेंच वाचतात. पहलवीची तऱ्हा त्याहून पुष्कळच पुढची.

नबाती शाखेंतून अरबी लिपी निघाली. सिरियांतील नमारा येथील इ. स. ३२८ चा लेख भाषेनें अरबी व लिपीनें नबाती आहे. संक्रमणाचा याहून स्पष्ट साक्षीदार दुसरा कोणता हवा? पण साध्या संग्राहकाच्या हातीं याहूनही सोपा पुरावा आहे, तो अबजदचा. अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत या सहा शब्दांत जीं २२ अक्षरें येतात, त्यांचा क्रम आरामीचाच आहे. त्यांचीं मूल्यें १ पासून ४०० पर्यंत. आरामींत नसलेलीं सहा अक्षरें अरबांनीं शेवटीं जोडलीं आणि त्यांस ५०० ते १००० हीं मूल्यें दिलीं. शब्दांत गुंफलेली तारीख सोडविणारा माणूस नकळत आरामी क्रमानेंच मोजीत असतो.

खरोष्ठीचेंही तसेंच. दिशा उजवीकडून डावी, अनेक अक्षरांचें रूप व उच्चार आरामीशीं जुळणारे, आणि प्रदेश हखामनी अमलाखालीं राहिलेला. शाहबाजगढीच्या लेखांत अशोकाचा लेखक 'लिपी' न म्हणतां 'दिपि' म्हणतो. तो शब्द इराणी दप्तरांतला. शिवशाहींतील डबीर हें पदही त्याच 'दिपि'च्या कुळांतलें आहे.

आतां ब्राह्मी. बूलर हा सामान्य माणूस नव्हे. १८६३ पासून मुंबई इलाख्यांत राहून त्यानें हस्तलिखितांचा शोध केला, त्याचे उपकार संग्राहकांनीं विसरूं नयेत. १८९५ मध्यें त्यानें ब्राह्मीचीं अक्षरें ख्रि. पू. ८०० च्या सुमाराच्या उत्तर सेमिटिक लिपीवरून काढून दाखविलीं. म्हणजे ज्याच्या नांवावर हें विधान चालतें, त्यानें आरामीपासून काढली ती खरोष्ठी. ब्राह्मीसाठीं तो त्याहून जुन्या नमुन्याकडे गेला. त्याची रीतही सैल आहे. भारतीयांस डोकें जड असलेलीं अक्षरें आवडत नसत म्हणून त्यांनीं तीं उलटीं केलीं, दिशा बदलली म्हणून आडवीं फिरविलीं, इतक्या सवलती घेतल्यावर कोणती लिपी कोणत्या लिपीशीं जुळणार नाहीं? एरणच्या नाण्यावरील उलट्या अक्षरांचा त्याला मोठा आधार वाटला. परंतु ठसा सुलटा कोरला तर छाप उलटा उठतो, हें कोणताही शिक्के करणारा सांगेल. येर्रगुडीच्या अशोकलेखांतील कांहीं ओळी उजवीकडून चालतात, हें खरें. तेवढ्यावरून अक्षरांचें माहेर ठरत नाहीं.

याउलट गौरीशंकर ओझांनीं ब्राह्मी पूर्णपणें स्वदेशी ठरविली, तीही पुराव्याच्या पुढें जाते. अशोकाच्या कारकुनांस आरामी ठाऊक होती. कंदाहार येथें १९५८ मध्यें सांपडलेला त्याचा ग्रीक-आरामी लेख तें निर्विवाद दाखवितो. शेजारचें लेखन पाहून येथील वर्णोच्चारशास्त्र्यांनीं स्वतःची चिन्हें रचलीं असतील, हें मला सर्वांत संभवनीय वाटतें. पण संभव आणि वंशावळ एक नव्हेत.

या चर्चेंत एक व्यवहाराची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठींच हें टिपण मुख्यतः लिहिलें. औसा, उदगीर, कंधार येथें फारसी शिलालेख आहेत, आणि अशा लेखांच्या नागरी नकला मंडळांकडे येतात. नागरींत स्वाद, सीन व से या तिन्ही अक्षरांचा 'स' होतो. अबजदांत त्यांचीं मूल्यें ९०, ६० व ५००. 'सद' म्हणजे शंभर, हा फारसी शब्द स्वादानें लिहितात, म्हणून त्याची बेरीज ९४. नकलेवरून सीन धरिला तर ६४, से धरिला तर ५०४. 'मुहम्मद' या नांवांतला ह मूल्यानें ८ चा, म्हणून बेरीज ९२. दुसरा ह धरिल्यास ८९ होऊन सन तीन वर्षांनीं चुकतो. अशी नकल वाचावयास कितीही सुबक असली तरी तिच्यांतली तारीख मेलेली असते. नकल करणारांनीं नागरी प्रतीखालीं मूळ अक्षरांचीं नांवें ओळीनें लिहावींत, नुक्ते मोजून लिहावेत आणि दगडाचा ठसा कागदावर घ्यावा. यादींतही 'भाषा' व 'लिपी' हे रकाने वेगळे ठेवावेत. केवळ अक्षर पाहून फारसी कागदावर 'अरबी' अशी चिठ्ठी डकविलेले रुमाल अजून सोडवावयाचे आहेत.