खोबरेलाचा प्रयोग आणि रक्ताचा तक्ता

मालवण-देवगड भागातल्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. ताजे खोबरेल आणि खवट झालेले खोबरेल गरम अल्कोहोलमध्ये ढवळायचे, फिनॉल्फ्थॅलीन टाकायचे आणि कॉस्टिक सोड्याचे थेंब मोजायचे. खवट तेलाला थेंब जास्त लागतात, कारण ओलाव्याने आणि बुरशीच्या विकरांनी त्यातील ट्रायग्लिसराइडचे रेणू फुटून मेदाम्ले मोकळी झालेली असतात. प्रयोग उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती शेजारच्या तक्त्याबद्दल. त्यावर हृदयाचे चित्र असते आणि खाली लिहिलेले असते की तेलकट खाल्ले की रक्तातील मुक्त मेदाम्ले अशीच वाढतात.

घडते नेमके उलटे. भात आणि बांगड्याचे तिखले जेवून उठलेल्या माणसाच्या रक्तात इन्शुलिन वाढते, मेदपेशींतून मेदाम्ले सुटणे मंदावते आणि रक्तातील त्यांचे प्रमाण घटते. वाढतात ती ट्रायग्लिसराइडे. मुक्त मेदाम्ले चढतात उपवासाने! रात्रभर उपाशी राहिल्यावर ती लिटरमागे सुमारे अर्धा मिलिमोल असतात, दोन-तीन दिवस अन्न न घेतल्यास एक मिलिमोलच्या वर जातात. सुईला घाबरल्यानेही ती वाढतात. हा अॅड्रिनलिनचा प्रताप.

अर्धा मिलिमोल म्हणजे किती? ओलेइक आम्लाचा रेणुभार 282 धरला तर 100 मिलिलिटरमागे जेमतेम 14 मिलिग्रॅम. तीही अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली, आणि सोबत लॅक्टिक आम्लासारखी इतर आम्ले. रक्तद्रवात थेट सोडा टाकून काहीच कळणार नाही. 1956 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट डोल यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेप्टेन आणि किंचित सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणाने मेदाम्ले वरच्या हेप्टेनच्या थरात ओढून घेतली आणि मग त्या थराचे अनुमापन केले. (अफूजन्य व्यसनावर मेथाडोनचा उपचार पुढे आणणारे डोल ते हेच.) आता बहुतेक ठिकाणी विकरांच्या साहाय्याने रंग आणून मोजतात. तरीही खोबरेलाच्या प्रयोगाचे खरे नाते डोल यांच्या परीक्षानळीशी आहे, आणि तक्त्यावर तीच हवी होती.

खवटपणाची उपमा एका जागी मात्र चपखल बसते. काढलेले रक्त उन्हाळ्यात बर्फाशिवाय ठेवले, तर नळीतच ट्रायग्लिसराइडे फुटत राहतात आणि आकडा खोटाच फुगतो. म्हणून नमुना थंड ठेवून रक्तद्रव लगेच वेगळा करावा लागतो.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी लपलेली असू शकते. मेदपेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या, की जेवणानंतरही मेदाम्ले पुरेशी उतरत नाहीत आणि स्नायूंना साखर वापरणे अवघड जाते. तक्ता वाचून शिडशिडीत मुलगा 'मी तळलेले खात नाही' म्हणून निर्धास्त होतो. शिक्षकही 'लिपिड प्रोफाइल' पाहून मेदाम्ले कळली असे मानतात; त्या अहवालात ती सहसा मोजलेलीच नसतात.

प्रयोग तसाच ठेवावा. हृदयाच्या चित्राच्या जागी जेवणानंतरच्या काही तासांचे दोन आलेख काढावेत, एक ट्रायग्लिसराइडांचा आणि एक मुक्त मेदाम्लांचा, आणि ते विरुद्ध दिशांना का जातात हे मुलांनाच विचारावे.