कंसातील मोकळी जागा

एका तबकडीविषयी, आणि त्याहून अधिक तिच्या श्रोत्यांविषयी, लिहायचे आहे. तबकडीच्या वेष्टनावर नाव नाही. समोरासमोर कोरलेले दोन कंस आहेत आणि त्यांच्यामध्ये एकही अक्षर नाही. आत एक छोटी पुस्तिका आहे. तिची पाने कोरी आहेत. एकूण आठ रचना आहेत, त्यांपैकी एकीलाही शीर्षक दिलेले नाही. गायक गातो, परंतु तो जगातील कोणत्याही भाषेत गात नाही. आइसलंडच्या 'सिगुर रोस' या वाद्यवृंदाने ऑक्टोबर २००२ मध्ये हा अल्बम प्रसिद्ध केला आणि श्रोत्याने कोऱ्या पानांवर आपल्या मनातील शब्द लिहावेत, हवे तर चित्रे काढावीत, अशी अपेक्षा ठेवली. श्रोत्याच्या प्रतिक्रियेसाठी अशी जागा राखून ठेवणारा दुसरा अल्बम माझ्या तरी पाहण्यात नाही.

या वाद्यवृंदाच्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली. गिटार, ढोल ही रॉकचीच वाद्ये घ्यायची, पण त्यांतून रॉकखेरीज दुसरेच काही निर्माण करायचे, असा तिचा स्थूल अर्थ. सिगुर रोसची स्थापनाही रेक्याविक येथे १९९४ सालचीच. त्यांचा गायक योन्सी गिटारच्या तारांवरून चेलोचा गज फिरवतो, त्यामुळे ते वाद्य छेडल्यासारखे न वाजता दुरून येणाऱ्या भरतीसारखे वाजत राहते. शहराबाहेर १९३० च्या दशकातील एक जुना जलतरण तलाव होता. त्या इमारतीत या मंडळींनी आपला ध्वनिमुद्रण कक्ष उभारला आणि तेथेच हा अल्बम घडवला. ऐकताना त्या रिकाम्या तलावाची खोली कानांना जाणवते, असे मला वाटते. कदाचित ते आधी वाचल्यामुळेही वाटत असेल.

या अल्बमशी माझा संबंध समीक्षक म्हणून आला नाही, हे वाचकांना आरंभीच सांगितले पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक एकोणीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्याची मोठी बहीण ही तबकडी घेऊन माझ्याकडे आली. ख्रिस्तप्रसादानंतर यातील पहिली रचना लावावी, अशी तिची विनंती होती. मी दोन-तीन मिनिटे ऐकले आणि नकार दिला. 'यात शब्दच नाहीत, बाळा. अर्थ नसलेले गाणे मिस्सामध्ये कसे लावणार?' ती म्हणाली, 'फादर, शब्द त्याने लिहिलेत. बघा ना.' तिने पुस्तिका पुढे केली. ती मी उघडली नाही.

आता श्रोत्यांकडे वळू. अल्बम बाहेर पडला तेव्हा श्रोत्यांत आणि समीक्षकांत उघड फूट पडली. १९९९ चा त्यांचा 'आउगाइतिस बिर्युन' अनेकांनी डोक्यावर घेतला होता. त्यात आइसलंडी भाषेतील गीते होती, रंगांची उधळण होती. त्या नावाचा अर्थच 'बरी सुरुवात' असा. त्या सुरुवातीनंतर हातात आले काय, तर कोरे कागद! हे ढोंग आहे, संगीतकारांजवळ सांगण्यासारखे उरलेले नाही म्हणून काम श्रोत्यावर ढकलले आहे, असा एक सूर होता. रचना लांबलचक आहेत, सगळ्या एकाच गतीने जातात, अशी दुसरी तक्रार होती. याउलट, आपल्या दुःखाला पहिल्यांदाच घर मिळाले, असे सांगणारे श्रोतेही होते, आणि त्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. २०२२ मध्ये विसाव्या वर्षाची नवी आवृत्ती निघाली, तोवर २००२ मधील रुसवा बराचसा विसरला गेला होता.

मला अधिक रस आहे तो एका लहानशा गोष्टीत. ज्या रचनांना नावे नव्हती, त्या श्रोत्यांनी निनावी राहू दिल्या नाहीत. हे वादक या रचना ध्वनिमुद्रणापूर्वीच मैफलींतून वाजवत असत आणि आपसांत ओळखण्यासाठी त्यांनी कामचलाऊ नावे ठेवली होती. पहिली 'वाका', दुसरीचे नाव नुसते 'पहिली', सातवी 'मृत्यूचे गाणे', आठवी 'पॉप गाणे'. हे शेवटचे नाव विनोदाने ठेवलेले असावे, कारण ते गाणे बारा मिनिटांच्या आसपास चालते आणि पॉपशी त्याचे दूरचेही नाते नाही. ही नावे वेष्टनावर नव्हती, तरी श्रोत्यांनी ती शोधून काढली आणि आज सारे त्याच नावांनी या रचना ओळखतात. म्हणजे समोर कोरे पान ठेवले, तर बहुतेक श्रोत्यांनी त्यावर संगीतकाराच्याच तोंडचा शब्द आणून चिकटवला. स्वातंत्र्य द्या म्हणणारा श्रोता प्रत्यक्षात स्वातंत्र्याला किती बिचकतो, हे येथे दिसते. मृत्यूचे गाणे हे नाव कळल्यावर सातवी रचना दुसऱ्या कशाविषयी आहे असे कोणाला ऐकू येणार?

तक्रार शब्दांविषयी होती, तेव्हा शब्दांचा विचार करू. योन्सीच्या या उच्चारांना 'वोन्लेन्स्का' म्हणतात; 'वोन' म्हणजे आशा. तिला व्याकरण नाही, कोश नाही. चाल बांधताना शब्द सुचण्यापूर्वी गायक जे गुणगुणतो, तेच येथे कायम ठेवले आहे, आणि या अल्बमभर मोजकेच स्वरसमूह पुनःपुन्हा येतात. गंमत अशी की तिसऱ्या रचनेत मानवी आवाज जवळजवळ नाहीच. ऑर्गनच्या आधारावर पियानोची एकच आकृती हळूहळू वर चढत जाते. तिच्यात अर्थ नाही, अशी तक्रार मी अद्याप ऐकलेली नाही. पियानोकडे कोणी अर्थ मागत नाही. माणसाचा कंठ ऐकू आला की मात्र आपण शब्दाची वाट पाहू लागतो आणि तो आला नाही तर फसवणूक झाल्यासारखे वाटते.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे तितके अवघड वाटू नये. आलाप, नोमतोम, तराणा ऐकत आपण वाढलो. तरीही तराण्यातील बोल निरर्थक नाहीत, त्यांत फारसी अध्यात्माचे शब्द दडले आहेत, असे उस्ताद अमीर खाँसारख्या श्रेष्ठ गायकाला मांडावेसे वाटलेच. कंठाला अर्थापासून सोडवणे सोपे नाही.

आणि मला तर हे अवघड वाटण्याचे काहीच कारण नव्हते. सेमिनरीत ग्रेगोरियन गायनाच्या तासाला आम्ही 'आलेलूया'च्या अखेरच्या 'आ'वर लांबच लांब स्वरावली घोटली होती. तिला 'युबिलुस' म्हणतात. तेथे शब्द संपतो आणि गाणे पुढे जातच राहते. स्तोत्रसंहितेवरील भाष्यात संत ऑगस्टीन कापणीच्या शेतातले उदाहरण देतात: मजूर शब्दांनी गाणे सुरू करतात, आनंद अनावर झाला की अक्षरे सोडून देतात आणि नुसता स्वर काढतात, देव तर शब्दांत मावतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी असेच गावे. हेच ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या पुस्तकात मात्र चिंतेत दिसतात. गायिलेल्या शब्दापेक्षा गायनच मला अधिक हलवून गेले तर ते माझे पाप आहे, असे ते लिहितात. एकाच माणसाची ही दोन मते आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात. त्या रात्री मी दुसऱ्या ऑगस्टीनचा आधार घेतला, तोही न वाचलेल्या आवेशात.

नियम माझ्या बाजूचा होता, हे खरे. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात शब्दाशी जोडलेल्या गायनाची महती सांगितली आहे. परंतु त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिले आहे, आणि त्यातला युबिलुस कोणत्या शब्दाशी जोडलेला आहे? मिस्सामध्ये ही तबकडी लावू नये, हे माझे मत आजही कायम आहे. उपासना ही एकट्याच्या आवडीची जागा नव्हे. घरी, शवपेटी उचलण्यापूर्वी, ती लावता आली असती. 'अर्थ नाही' हे कारण मात्र मी द्यायला नको होते.

संगीताविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. पहिल्या चार रचना सुंदर आहेत, थोड्या जास्तच सुंदर. चौथीनंतर छत्तीस सेकंदांची शांतता आहे आणि तिच्यापलीकडे अल्बमचा रंग पालटतो, प्रकाश जातो. पाचवी रेंगाळते, येथे कंटाळलेल्या श्रोत्याशी माझे भांडण नाही. सहावीत ढोल हळूहळू जमिनीवर पाय रोवतात. सातवी तेरा मिनिटे पुनःपुन्हा उसळते आणि खाली बसते. आठवीत गिटार आणि आवाज शांतपणे सुरू होतात, ढोल बराच वेळ हात आखडून असतो, आणि शेवटी तो असा कोसळतो की आवाजाची किंचाळी होते. मग सारे एकदम तुटते. असा ताण रिकाम्या मनाच्या माणसांना रचता येत नाही. कोरी पाने हा आळस होता, हा आरोप या उत्तरार्धापुढे टिकत नाही. आणि श्रोत्याने वाटेल ते लिहावे असेही नव्हते: आठवी ऐकून कोणी जत्रेचे वर्णन लिहिले, तर ती रचनाच त्याला खोटे पाडील.

२०२३ च्या जून महिन्यात, दहा वर्षांच्या खंडानंतर, त्यांचा नवा अल्बम आला. नाव 'आउत्ता', म्हणजे आठ. ढोलवादक २०१८ मध्येच बाहेर पडला होता. पूर्वी सोडून गेलेला क्यार्तान परतला होता. लंडनच्या वाद्यमेळाचे तंतुवाद्यस्वर सर्वत्र पसरलेले, ढोल जवळजवळ नाहीत. पुन्हा श्रोते दोन तट करून बसले. ढोल नाही म्हणजे कळस नाही, आठव्या गाण्यातले ते कोसळणे कोठे गेले, असे एक तट विचारतो. थकलेल्या जगाला हीच विश्रांती हवी, असे दुसरा म्हणतो. मला पहिल्याचे थोडे पटते. हे संगीत सांत्वन करते, पण ज्या गोष्टीबद्दल सांत्वन करायचे ती ऐकू येऊ देत नाही. तथापि मागच्या अल्बमच्या मापाने नवा मोजण्याची खोड २००२ मध्येही होती, आणि तेव्हा ती चुकली होती, हेही ध्यानात ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात त्या मुलीने ती तबकडी माझ्याकडे पाठवून दिली. ती आता परदेशी असते. 'फादरांकडे राहू दे' एवढाच निरोप होता. या वेळी मी पुस्तिका उघडली.

पेन्सिलीने लिहिले आहे. पहिल्या रचनेच्या पानावर: 'आजी फुलांची पाटी घेऊन पहिल्या गाडीला निघाली. अजून अंधार.' दुसऱ्यावर एका वर्गमैत्रिणीचे नाव, मग ते खोडून नुसते 'ती'. तिसरे पान कोरे. ज्या रचनेत कंठ नाही तेथे त्यानेही शब्द घातला नाही, आणि हे त्याने ऐकून ठरवले, माझ्यासारखे वाचून नव्हे. पाचव्यावर 'कंटाळा' असे लिहिले आहे, मला हसू आले. सातव्यावर: 'अजून कळलं नाही.' ते 'मृत्यूचे गाणे' आहे हे त्याला कोणी सांगितले नसावे. आठव्या पानावर त्याने पुष्कळ लिहिले आहे आणि सगळे जोर लावून खोडले आहे. उजेडात धरूनही ते वाचता येत नाही.