उतारावरील वनस्पती आणि मृदेची धूप : एका समीकरणाची मर्यादा

विशमायर व स्मिथ यांचे मृदाधुपीचे समीकरण अमेरिकेच्या कृषिखात्याने १९६५ साली प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पर्जन्य, मृदा, उतार, आच्छादन व संधारणाचे उपाय यांच्या गुणाकाराने सरासरी वार्षिक धूप काढण्याची ही रीत सुटसुटीत आहे. तथापि सातपुड्याच्या दक्षिण उतारांना ती लावताना आच्छादनाच्या घटकाची चिकित्सा आवश्यक ठरते.

हा घटक आच्छादनाचे प्रमाण विचारात घेतो, मांडणी नव्हे. समजा, दोन उतारांवर गवत सारखेच आहे. एकावर ते समपातळीत आडव्या पट्ट्यांनी वाढले आहे; दुसऱ्यावर उभ्या पट्ट्यांनी, मध्ये गुरांच्या वाटा सोडून. पहिल्यावर वाहते पाणी ठायीठायी अडते, गाळ टाकते व जमिनीत मुरते. दुसऱ्यावर तेच पाणी उघड्या वाटांत एकवटून घळी पाडते. गणितात मात्र दोन्ही उतार समान ठरतात. शिवाय घळींची धूप या समीकरणाच्या कक्षेतच येत नाही.

उपग्रहचित्रांतील हिरवेपणाच्या निर्देशांकावरून हा घटक काढण्याच्या प्रचलित पद्धतीने दोष वाढतो. समीकरणाचे प्रमाणभूत क्षेत्र सुमारे २२ मीटर लांबीचे. लँडसॅटच्या चित्राचा एक चौकोन ३० मीटरचा. म्हणजे गवताच्या पट्ट्या व वाटा एकाच सरासरीत विरून जातात. सागवनात तर वरून हिरवेपणा दिसतो; पण वणव्याने पाचोळा जळालेला असल्यास रुंद पानांवरून गळणारे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात. १९७८ च्या आवृत्तीत छत्राची उंची व भूपृष्ठावरील आच्छादन यांचा वेगळा विचार आहे. निर्देशांक तो पुसून टाकतो.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा येथे चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून वन राखले. त्यातून झाडांबरोबर झाडांखालचे गवत, झुडुपे व पाचोळाही टिकतो. तेथे बांधही घातले गेल्याने सर्व श्रेय एकट्या वनाला देता येत नाही, हे खरे. परंतु झाडांची गणती करून अशा उताराचे मूल्यमापन होणार नाही, हेही तितकेच खरे.

तापीखोऱ्यातील विहिरी व केळीच्या बागा डोंगरपायथ्याशी मुरणाऱ्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. चर कोठे खणावे, चराई कोठे थांबवावी, हे अशा नकाशांवरून ठरणार असेल, तर अभ्यासकाने गुणांक निश्चित करण्यापूर्वी पावसाळ्याच्या आरंभी उतार पायी पाहून गवताची मांडणी नोंदविणे अगत्याचे आहे.