हॉबिट, तीन चित्रपट आणि ताणलेला पिक्सेल

आज आधी आकडेमोड, मग तक्रार.

टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये इंग्रजीत सुमारे ४ लाख ८० हजार शब्द आहेत. पीटर जॅक्सनने त्यावर केलेले तीन चित्रपट (२००१ ते २००३) थिएटरात एकूण ५५८ मिनिटांचे होते. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे साधारण ८६० शब्द. १९३७ साली आलेलं 'द हॉबिट' मात्र ९५ हजार शब्दांच्या आसपासचं. त्यावरही त्याच दिग्दर्शकाचे तीन चित्रपट (२०१२ ते २०१४), एकूण ४७४ मिनिटं. मिनिटामागे शब्द उरले २००. हे पुस्तक कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर साडेदहा-अकरा तासांत संपेल. चित्रपट बघायला जवळजवळ आठ तास लागतात!

याचा माझ्या संशोधनाशी काय संबंध? सांगते. इथे लवळ्यात बसून मी मुळशी धरणाच्या पाण्याची कड उपग्रहाच्या प्रतिमांवरून कशी काढायची, यावर काम करते. लँडसॅटच्या प्रतिमेतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा तुकडा. तुम्ही त्याचे १० मीटरचे नऊ पिक्सेल करू शकता. कॉम्प्युटर एका क्षणात करून देतो. पण माहिती तेवढीच राहते. शेजारच्या आकड्यांच्या मधले आकडे भरले जातात, एवढंच. याला इंटरपोलेशन म्हणतात. चित्र गुळगुळीत दिसतं, पाण्याची कड मात्र अधिक कळत नाही.

याहून हुशार पद्धत म्हणजे सुपर-रिझोल्यूशन. हजारो प्रतिमांवर शिकवलेलं मॉडेल 'इथे काय असू शकेल' याचा अंदाज बांधून तपशील भरतं. चित्र झकास दिसतं. धोका असा की जिथे बांधच नाही तिथे ते बांध काढून मोकळं होतं, कारण इतर हजार ठिकाणी तिथे बांध होता.

'हॉबिट'च्या चित्रपटांचं नेमकं हेच झालंय. पुस्तकात लेगोलास नाही. टॉरिएल तर नाहीच, त्यामुळे तिचं आणि किलीचं प्रेमही नाही. अझॉग कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी मेलेला आहे. चित्रपटात तो जिवंत होऊन पाठलाग करत सुटतो. ही भर कुठून आली? 'मोठ्या चित्रपटात असं असतं' या सवयीतून. प्रेमकथा हवी, खलनायक हवा, पाठलाग हवा. इतर हजार चित्रपटांतले बांध इथे काढले गेले.

आता बाजू दुसरीही. गॅन्डाल्फ मधेच निघून जातो, तो कुठे गेला हे चित्रपट सविस्तर दाखवतात. त्याचा आधार 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांत आहे. हे मला मान्य आहे. दुसऱ्या उपग्रहाची खरी नोंद आणून जोडली तर प्रतिमा खरंच सुधारते. आणि गॉलमबरोबरच्या कोड्यांचा प्रसंग बघा! तिथे काही ताणलेलं नाही, म्हणूनच तो अंगावर येतो.

मग बिघडलं काय? पुस्तकातल्या शेवटच्या लढाईत बिल्बोला दगड लागतो आणि तो बेशुद्ध पडतो. लढाईचा शेवट त्याला आणि आपल्याला नंतर कळतो. टॉल्कीन स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला माणूस. त्याने लढाई थोडक्यात आटोपली. तिसरा चित्रपट जवळपास तिच्यावरच उभा आहे. उलट, ड्रॅगनकडे जाणाऱ्या बोगद्यात बिल्बो एकटाच थांबतो, घाबरतो आणि तरी पुढे पाऊल टाकतो. पुस्तकाच्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं शौर्य तेच. चित्रपटात तो क्षण चटकन सरतो आणि वितळलेल्या सोन्याची, पुस्तकात नसलेली धावपळ लांबत जाते. आठ तास हाताशी असून या एका पावलाला वेळ मिळू नये, हे मला खरंच लागलं.

गंमत म्हणजे हे चित्रपट सेकंदाला २४ऐवजी ४८ फ्रेम्स घेऊन चित्रित केले होते. कॅमेऱ्याने दुप्पट खऱ्या नोंदी घेतल्या. कथेने घेतल्या नाहीत.

'पुस्तकाला हात लावायचाच नाही' असं माझं म्हणणं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांनी टॉम बॉम्बाडिल अख्खा गाळला, तरी कथा उभी राहिली. लहान करताना काय महत्त्वाचं हे ठरवावंच लागतं. मोठं करताना तो प्रश्न कुणी विचारत नाही.

घरातल्या लहान मुलांना ही गोष्ट द्यायची असेल तर चित्रपटाआधी पुस्तक द्या. मीना किणीकर यांनी केलेला 'हॉबिट'चा मराठी अनुवाद आपल्या पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सने काढलाय. त्यात बोगदा किती लांब आणि किती काळोखा, हे मुलं स्वतः ठरवतील. तेवढी जागा त्यांच्यासाठी मोकळी राहू दे.